अग्रलेखाचं पान कोणी कापलं?

देशपांडे (ए-१०२): नमस्कार मंडळी. वाचनकट्ट्यावरच्या इंग्रजी पेपरचं अग्रलेखाचं पान आज पुन्हा कापलेलं आहे. या आठवड्यात दुसऱ्यांदा. पेपर सोसायटीच्या पैशातून येतो, कोणाच्या घरचा नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल 🙏

रोहन (सी-२०२): काका, शब्दकोडं शाबूत आहे ना? मग मी सुटलो.

गोखले (बी-२०३): टाकी धुण्याच्या वर्गणीचा हिशेब अजून ग्रुपवर आलेला नाही.

शिंदे ताई (सी-४०१): काका, "ज्यांना कळायचं" म्हणजे आमचीच मुलं ना? संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात कुलकर्णी मॅडमकडे अभ्यासाला बसतात म्हणून सगळं त्यांच्यावर? निकिता त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढते. कात्री घेऊन बसत नाही ती.

देशपांडे (ए-१०२): मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

शिंदे ताई (सी-४०१): गणपतीतल्या खुर्च्यांच्या वेळीही नव्हतंच घेतलं.

सावंत, सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

मोरे (ए-३०४): पानाचं जरा बाजूला ठेवा, मला सल्ला हवाय. अनिकेतचं मागच्या वेळी आयबीपीएस क्लार्कच्या प्रिलिम्सला, म्हणजे बँक भरतीच्या पहिल्या फेरीला, गणित निघालं, रिझनिंग निघालं, इंग्रजीच्या सेक्शनल कटऑफला (त्या विषयात वेगळे लागणारे किमान मार्क) अडकला. एकूण मार्क बरे असून बाहेर. आता क्लासने हजारो शब्दांची यादी दिलीय. पोरगं मध्यरात्र उलटेपर्यंत पाठ करतं आणि सकाळी विचारलं की कोरं. आधी यादी पुरी होऊ दे की कुलकर्णी मॅडमकडे पाठवू? कोणी नीट सांगेल का?

नाईक (बी-४०३): मोरे साहेब, राग मानू नका, पण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर आज ही वेळ आली नसती. आमच्या रियाला असलं काही पाठ करावं लागत नाही.

मोरे (ए-३०४): राग कशाचा. तेव्हा फी भरायची ऐपत नव्हती, एवढंच.

रोहन (सी-२०२): नाईक काका, लिफ्टमधल्या इंग्रजी नोटिशीत तीन चुका आहेत आणि खाली सही तुमची आहे 😄

नाईक (बी-४०३): ती टाइप करणाऱ्याची चूक. आणि इथे गंभीर विषय चाललाय.

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): मोरे भाऊ, माध्यमाचा विषय डोक्यातून काढा. मी अनेक वर्षं महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून जबाबदारीने सांगते. मराठी माध्यमाचा मुलगा शब्दाला अडतो हे खरं. पण इंग्रजी माध्यमाची मुलं बरेचदा उतारा भराभर वाचून कानाला बरं वाटेल त्या पर्यायावर टिचकी मारतात आणि तीही चुकतात. परीक्षा उच्चार तपासत नाही, लेखकाचं म्हणणं कळलं का ते तपासते. आणि अनिकेतला मराठी उतारा उत्तम कळतो, हे मी पाहिलंय. ती ताकद इंग्रजीत वापरायला शिकायचं, बस.

यादी फेकू नका, पण नुसती पाठ करणं थांबवा. प्रिलिम्सला इंग्रजीचे ३० प्रश्न, २० मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे ४० सेकंद, त्यातच उतारा वाचायचा. एवढ्या वेळात पाठ केलेला अर्थ आठवत बसता येत नाही. शब्द वाक्यात भेटलेला असला तरच लगेच ओळख पटते.

गोखले (बी-२०३): टाकी धुण्याच्या वर्गणीचा हिशेब कृपया.

खरे काका (बी-१०४): मॅडमच्या म्हणण्याला बँकेतला दाखला देतो. सँक्शन हा शब्द. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं. रशियावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध घातले. यादीत पोरगं "मंजुरी" पाठ करणार आणि उताऱ्यात उलटं उत्तर देणार. शेजारची वाक्यं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

देशपांडे (ए-१०२): चर्चा उत्तम आहे. पान कोणी कापलं हा मुद्दा मात्र तसाच राहिला.

मोरे (ए-३०४): मॅडम, मग रोज नेमकं काय करून घेता?

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): एकच उतारा, पण पूर्ण मुरवायचा. आधी घड्याळ लावून वाचायचं, शब्द अडला तरी थांबायचं नाही. मग इंग्रजी मिटवून गोषवारा दोन ओळींत मराठीत लिहायचा. इथेच खरं काय ते कळतं. दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर उतारा समजला नाही, मग प्रश्न सोडवून उपयोग नाही, परत वाचायचं. माझ्याकडची मुलं सुरुवातीला याच जागी चिडतात. महिनाभराने सुटी असली तरी दार वाजवतात.

हाउएव्हर, बट, डिस्पाइट असे शब्द आले की पेन्सिलने गोल करायचा, लेखक तिथे वळण घेतो आणि प्रश्न बहुधा तिथलाच येतो. पर्यायांत ऑल, ओन्ली, नेव्हर दिसलं की सावध. आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे जे एरवी खरं आहे पण उताऱ्यात लिहिलेलंच नाही, असं वाक्य. हुशार मुलं तिथेच फसतात. मी एकच विचारते, "कुठल्या ओळीत आहे? बोट ठेव."

निकिता (सी-४०१): आणि बोट ठेवता आलं नाही की मॅडम ज्या नजरेने बघतात ती मॉक टेस्टपेक्षा भारी आहे 🙈 अनिकेत दादा, नवा शब्द मी कार्डावर लिहिते, पुढे त्या उताऱ्यातलं पूर्ण वाक्य, मागे अर्थ. चपलांच्या खोक्यात तीन कप्पे केलेत. आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. यादीतले शब्द यात घाल, टिकतील.

नाईक (बी-४०३): रियाकडे यासाठी ॲप आहे. विकतचं.

निकिता (सी-४०१): हो, तिने दाखवलं होतं. परवा पॅरा जम्बल, म्हणजे उलटसुलट वाक्यं क्रमाने लावायचे प्रश्न, सोडवायला ती आमच्याकडेच आली होती.

नाईक (बी-४०३): गट अभ्यासाला माझा विरोध कधीच नव्हता.

शिंदे ताई (सी-४०१): मागच्या मीटिंगचा वृत्तान्त काढू का?

सावंत, सेक्रेटरी: नको.

खरे काका (बी-१०४): मोरे साहेब, निगेटिव्ह मार्किंगचंही मुलाला समजावून सांगा. चुकीला पाव मार्क जातो, पर्याय पाच. आंधळेपणाने पाच प्रश्न ठोकले आणि नशिबाने एक बरोबर आला, तर चार चुकांत तो मार्क गेला. हातात शून्य, वेळ गेला तो वेगळाच. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर मात्र उरलेल्या तिनांतून उत्तर द्यायला हरकत नाही. आणि आयबीपीएसचीच ग्रामीण बँकेची परीक्षाही भरून ठेवा. तिथे प्रिलिम्सला इंग्रजी नाही, मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, इंग्रजी किंवा हिंदी निवडता येतं. एका दारावर सगळी भिस्त नको.

मोरे (ए-३०४): हे क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही काका. फी मात्र आधी घेतली.

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): आणि वाचायला पैसे लागत नाहीत. पीआयबी म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, त्यांच्या साइटवर सरकारी निवेदनं इंग्रजीत असतात, त्यातली बरीच मराठीतही येतात. आधी मराठी वाचायचं, मग तेच इंग्रजीत. विषय आधीच कळलेला असला की निम्मी भीती जाते. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी येतं, गव्हर्नरांचं निवेदन साइटवर असतं. जड आहे, पण महागाई, रेपो दर, तरलता हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये तास-सव्वा तास जातो, तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी एक निवेदन होतं.

रोहन (सी-२०२): मॅडम, चौथी सीट हाच मुळात रिझनिंगचा प्रश्न आहे.

पाटील काकू (ए-४०२): मी आत्ताच ग्रुप पाहिला. मंगळवारचं ते पान आमच्याकडे आहे. मागच्या बाजूला वाघांवर लेख होता, आर्याच्या शाळेच्या प्रोजेक्टला घेतलं. आजचंही तिनेच नेलं असेल, विचारते. जुना पेपर रद्दीतच जातो ना? एवढं काय त्यात?

शिंदे ताई (सी-४०१): देशपांडे काका, वाचलंत ना?

देशपांडे (ए-१०२): वाचलं. पाटील वहिनी, पेपर जुना होण्याआधी कापू नये एवढीच विनंती. शिंदे ताई, मुलांबद्दल माझा गैरसमज झाला. पण ऑफिसातले दोन पंखे आणि चार ट्यूब रोज चालतात, ते बिल सगळ्यांच्या मेन्टेनन्समधून जातं, हेही खरं.

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): ते मी भरते.

शिंदे ताई (सी-४०१): मॅडम, तुम्ही एक पैसा घेत नाही आणि बिलही तुम्हीच भरायचं? अजिबात नाही.

खरे काका (बी-१०४): माझा हॉल रिकामा असतो, बसा तिथे.

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): खरे साहेब, आभारी आहे. पण ऑफिस हवं ते यासाठी की घरी टीव्ही असतो, पाहुणे असतात. मोठ्या टेबलाभोवती शांत बसून वाचायची सवय लागली की परीक्षा केंद्रावर मूल बिथरत नाही. काही मुलांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. त्यांनी बसायचं कुठे, याचा सोसायटीने विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

गोखले (बी-२०३): विनंती मान्य. टाकी धुण्याच्या वर्गणीचा हिशेब?

सावंत, सेक्रेटरी: गोखले साहेब, हिशेब शनिवारपासून नोटीस बोर्डावर आहे, आता फोटोही टाकतो. ऑफिसबाबत: मेन्स होईपर्यंत रोज ७ ते ८:३० मुलांना वापरू द्यावं. वीजबिल सोसायटीचं. समिती सदस्यांपैकी कोणाची हरकत असल्यास आज रात्री १० पर्यंत कळवावी.

देशपांडे (ए-१०२): हरकत नाही. साडेआठला दार बंद व्हावं.

नाईक (बी-४०३): हरकत नाही. रियाही येईल.

मोरे (ए-३०४): मॅडम, अनिकेत उद्यापासून येतो. यादी सोबत देऊ का?

कुलकर्णी मॅडम (बी-५०१): द्या. उताऱ्यात जो शब्द भेटेल त्यावर खूण करत जाऊ. येताना साधं घड्याळ आणायला सांगा, मोबाइल नको. भिंतीवरचं बंद आहे.

सावंत, सेक्रेटरी: सेल उद्या दुपारी टाकून देतो.