गरुड, कूलर आणि ठाणे अंमलदार

उनालास्का गावच्या पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींच्या जाहीर नोंदी केवळ त्या लिहिणाऱ्याच्या खोडकरपणामुळेच हसवतात, असे एक मत आहे; मला ते अपुरे वाटते. अलास्कातील अल्यूशन बेटांवरच्या या गावचे डच हार्बर हे अमेरिकेतील सर्वाधिक मासळी उतरणाऱ्या बंदरांपैकी एक आहे. मासळीमागे पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात आणि विणीच्या काळात घरट्याजवळून जाणाऱ्याच्या थेट डोक्यावर झेपावतात. तक्रार आली तर पोलिसांनी करावे काय? 1940 च्या कायद्याने या गरुडाला संरक्षण असल्यामुळे आरोपीला हात लावता येत नाही, नोंद मात्र करावीच लागते, आणि विनोद नेमका या हतबलतेतून उपजतो. आपल्या नागपुरातही मे महिन्यात शेजाऱ्याच्या कूलरचे पाणी अंगणात गळते म्हणून ठाण्यात गेलेल्या काकूंना अंमलदार (बिचारा स्वतःच घामाघूम) जी अदखलपात्र नोंदीची प्रत देतो, तिच्यात गैरअर्जदाराचा कूलर अर्जदाराच्या तुळशीवर थेंब थेंब पाणी सोडतो, असे विलक्षण गांभीर्याने लिहिलेले असते. फरक इतकाच, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 खालची ही प्रत काकूंच्या पर्समध्ये घडी होऊन राहते. उनालास्कातली नोंद मात्र गावभर वाचली जाते.