माळावर रताळी ठेवायची की काजू लावायचा?

माळावरची:
नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव. दारातून वैजनाथाचा डोंगर दिसतो, चंदगडची हद्द चालत जाण्याइतकी. खाली ओढ्याला लागून दीड एकर भात आणि वर तांबड्या मातीचा दोन एकर माळ. भात घरात खायला होतं. रोख पैसा हातात येतो तो माळावरच्या रताळ्यांतूनच. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला जातात, त्यामुळे शेत मी आणि सासूबाई मिळून बघतो.

गेल्या साली रताळ्याला भुंगा लागला. वरून चांगलं दिसायचं, मोडलं की आत काळी बिळं आणि कडवट वास. सासूबाई रात्री अकरापर्यंत बॅटरी लावून अंगणात निवडत बसल्या होत्या. तरी दलालाने 40 पोत्यांतली 11 बाजूला टाकली आणि उरलेल्यांचा दर पाडला. टेम्पोचं भाडं आणि काढणीची मजुरी गेल्यावर सोसायटीच्या हप्त्यापुरतंसुद्धा राहिलं नाही.

आता मोठे भावजी पुण्याहून फोन करायलेत, सगळा माळ काजूला द्या म्हणून. आजूबाजूला सगळे लावायलेत, हे खरं आहे. आमच्या बांधाच्या दोन्ही बाजूला काजू झाला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भुंगा आवरता येतो का? आणि काजू लावला तर पहिली तीन-चार वर्षं घर कशावर चालवायचं? अजून एक आहे, ते घरात बोलायला जड जातं. पहाणीवर (म्हणजे आमच्याकडचा सातबारा) अजून मामंजींचंच नाव आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. रताळ्याचा वेल लावला तर चार महिन्यांत जमीन परत मोकळी होते. झाड लावलं तर ते तीस वर्षं उभं राहणार. ते कुणाचं?

आम्ही आठ बायका पैऱ्याने वेल लावतो. आज माझ्या माळावर, उद्या तिच्या. त्यातल्या तिघींचे माळ काजूत गेले. त्या आता सकाळी सातच्या टेम्पोने बेळगावला कामाला जातात. यंदा पाचच जणी राहिलो.

काजूवाला चंदगड:
वहिनी, आमच्याकडे अकरा वर्षांची बाग आहे, त्यावरून सांगतो. काजूला काम नसतं असं जे म्हणतात ना, त्यावर जाऊ नका.

7 बाय 7 मीटरवर एकरी साधारण 80 कलमं बसतात. वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 घ्या, आणि जिथं मातृवृक्ष दाखवतात अशाच रोपवाटिकेतून घ्या. खड्डे मेमध्ये काढून ठेवा, लावण पाऊस धरल्यावर. कलमाच्या जोडाच्या खालून जी फूट येते ती दर महिन्याला काढत राहा. माझ्या भावाने दोन वर्षं काढली नाही, कलमं मेली आणि खालचं रायवळ, म्हणजे बिनकलमी झाड, तेवढं वाढलं. तिसऱ्या वर्षी चार बोंडं दिसतात, हिशेबात धरावं असं पीक मात्र सहाव्या-सातव्या वर्षी.

मोहर येताना ढगाळ हवा झाली की ढेकण्या ही कीड पडते, कोवळी पालवी आणि मोहर करपून जातो. आमचं एक वर्ष तसंच गेलं. मार्चमध्ये वणव्याची भीती असते, म्हणून थंडीतच कडेचं गवत काढून पट्टा साफ ठेवावा लागतो. पहिली चार वर्षं मधल्या पट्ट्यात भुईमूग, नाचणा घेता येतो. रताळंही येईल, पण काढताना कुदळ मुळांना लागते, बुंध्यापासून चांगलं अंतर सोडा.

सगळा माळ एकदम देऊ नका. वरची मुरमाड कड असेल तेवढीच आधी लावा.

जुना कृषी सहायक:
भुंग्याबद्दल लिहितो. नोकरीत हेच काम केलं.

तुम्ही वेल कुठून घेता? बहुतेक घरी विहिरीजवळ राखलेलाच असेल. तिथूनच तो येतो. मादी अंडी घालते ती वेलाच्या जुन्या, जाड बुडख्यात. म्हणून शेंड्याकडचाच तुकडा घ्या, तीन-चार डोळ्यांचा, आणि तोही ज्याच्या शेतात कीड नव्हती त्याच्याकडून. गेल्या सालच्या जागी यंदा रताळं नको. तिथं नाचणा किंवा भुईमूग घ्या, आणि मातीत राहिलेली किडकी मुळं वेचून जाळा.

दुसरं, पाऊस ओसरला की वरंबे तडकतात आणि भुंगा त्या फटीतूनच रताळ्यापर्यंत पोचतो. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी मातीची भर द्या, फट पडू देऊ नका. दर वाढेल म्हणून तयार रताळी जमिनीत राखून ठेवतात. त्या वाट बघण्याच्या दिवसांतच सर्वात जास्त नुकसान होतं. कामगंध सापळेही मिळतात, मादीच्या वासाने नर त्यात येऊन अडकतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलेलं आहे.

आणि एक कळकळीची विनंती. टाकलेली किडकी, बुरशी आलेली रताळी म्हशीला घालू नका. त्यातल्या विषाने फुप्फुसं सुजतात, जनावर धापा टाकत दगावतं. असं मी गोठ्यात उभं राहून पाहिलेलं आहे.

खानापूरची काकी:
आमच्याकडे जांबोटीच्या वरच्या अंगाला रानडुकरांनी रताळं करूच दिलं नाही. एका रात्रीत अर्धा एकर उकरायचे. राखणीच्या माळ्यावर रात्रभर बसून डबे वाजवून आमच्या ह्यांना दम्याचा त्रास झाला, मग सोडून दिलं. पोरी, तुमच्याकडे डुकराचा त्रास नसेल तर रताळं सोडू नकोस. सोडलं की वेलही जातो घरातून. मला आता लावायचं झालं तर वेल मागायला कुठं जायचं ते माहीत नाही.

दस्त लिहिणारा:
ताई, पिकाचं मला कळत नाही, कागदाचं सांगतो. मृत्युपत्र नसेल तर मामंजींच्या मागे सासूबाई, दोन्ही मुलगे आणि मुलगी असेल तर तीसुद्धा, सगळ्यांचा हक्क लागतो. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा कर्नाटकात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे. नणंदेला बाजूला ठेवून काही करू नका. आधी वारसा चढवून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागेल. पहाणी कन्नडमध्ये येते, ओळखीच्या कुणाकडून नावांचं अक्षर न अक्षर वाचून घ्या. एका अक्षराची चूक झाली तरी पुढं कर्जाला आणि अनुदानाला अडतं. हे होईपर्यंत झाडं लावू नका, निदान वाटणी कुठून होईल ते तरी ठरवून लावा.

माळावरची:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. वेल विहिरीजवळचाच होता, आठ-नऊ वर्षं तोच चालवायलो होतो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तो वेल मी माहेराहून आणलेला. यंदा तिथंच परत विचारते, भावाच्या शेतात कीड नव्हती.

म्हशीचं वाचून मात्र अंगावर काटा आला. गेल्या साली आम्ही पाट्या भरून घातली होती.

नणंदेला मी स्वतःच फोन केला. ती म्हणाली, मला जमीन नको, पण मला विचारलंस हे बरं केलंस. तरी कागदावर तिचं नाव येऊ दे असं मी मालकांना सांगितलंय. पुढच्या आठवड्यात त्यांची सुटी आहे, दाखले काढायला जातील. भावजींना वरची मुरमाड कड दाखवायची, अर्धा एकर होईल, वारसा चढल्यावर तिथं 40 कलमं. बाकी माळात यंदा अर्धा नाचणा, अर्धा रताळं.

टेम्पोने जाणाऱ्या तिघींपैकी एकीने विचारलंय, लावणीच्या दोन दिवसांसाठी सुटी काढून येऊ का. ये म्हटलं. पैरा फेडायला आता तिचा माळ नाही, म्हणून तिच्या परसात दोन वाफे लावून द्यायचं ठरवलंय. उद्या पहाटे सासूबाईंबरोबर वेल आणायला जायलोय.