हाताला कला आहे, हातात कागद नाही: कोरीव काम करणाऱ्याने प्रमाणपत्र घ्यावे का?

कलमवाला (काळबादेवी):
सर्वांना नमस्कार. मी गेली १७ वर्षे सोन्याचांदीवर हाताने कोरीव काम करतो. सुरुवात तांबाकाट्यावर, म्हणजे भांड्यांच्या बाजारात, मामांच्या शेजारी बसून लग्नाच्या भांड्यांवर नावे घालण्यापासून झाली. पुढे राळेवर बसवलेल्या चांदीच्या पत्र्यावर हात बसला आणि आता झवेरी बाजारातील दोन-तीन पेढ्यांच्या अंगठ्या, पाटल्या व निरांजने माझ्याकडे उक्त्याने येतात. गेल्या महिन्यात सीप्झ या अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातील दागिन्यांच्या एका कारखान्यात नमुने घेऊन गेलो, तेव्हा पुडी सोडण्याआधीच कोर्सचे प्रमाणपत्र मागण्यात आले आणि ते नाही म्हटल्यावर बोलणे तिथेच आटोपले. नमुने तसेच परत आणले. वयाच्या ३९व्या वर्षी रोजची कमाई बुडवून अंधेरीच्या आयआयजीजेसारख्या दागिने घडवणे शिकवणाऱ्या संस्थेत शिकायला बसावे का, की ज्या हाताने आजवर पोट भरले त्यावरच विसंबावे?

काटेकोर:
मी अशाच एका कारखान्यात उत्पादन विभाग पाहतो, त्यामुळे दाराच्या आतली बाजू सांगतो. पहिल्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीला हाताची रेघ आणि यंत्राची रेघ यांतला फरक कळत नसतो. कागद तपासणे एवढेच तिच्या हाती असते. शिवाय आमचे काम एकाच नमुन्याचे तीनशे-चारशे नग काढण्याचे आहे. संगणकावर आराखडा, त्यावरून मेण, मेणावरून ओतकाम आणि अखेरीस लेझर या साखळीत एका नगाची नक्षी दुसऱ्यापेक्षा देखणी झाली, तर तो दोष ठरून नग परत येतो. प्रमाणपत्र या शिस्तीची थोडीफार हमी देते, कलेची नव्हे.

पूर्ण अभ्यासक्रम तुम्हाला करावा लागेल असे मात्र मला वाटत नाही. आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची 'आरपीएल' नावाची पद्धत आहे. तिची चौकशी करा. तुम्ही उक्त्याने, म्हणजे स्वतंत्रपणे काम करता, म्हणून १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही पाहा. तिच्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. ओळखपत्र व प्रमाणपत्र, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत असे तिचे स्वरूप आहे.

ऐरण (लालबाग):
काटेकोर यांचे म्हणणे त्यांच्या कारखान्यापुरते खरे आहे. पण चारशे एकसारख्या नगांसाठी लेझर असताना त्यांना कलमवाला हवा तरी कशाला? हाताच्या कोरीव कामात कलम, म्हणजे कोरण्याचे धारदार अवजार, किंचित कलते, म्हणून रेघ बारीक उठते, मध्ये भरते आणि पुन्हा बारीक होऊन संपते. कलमाचे तोंड आरशासारखे घासलेले असेल, तर कापलेली रेघ आपणहून लखलखते, आणि असा नग कोणी नंतर पॉलिशच्या चाकावर धरला की सगळ्या धारा मरतात. पोकळ पाटलीचा पत्रा कुठे पातळ आहे हे बोटाला कळावे लागते, नाहीतर कलम आरपार जाते. मी स्वतः अशा दोन पाटल्यांचे नुकसान भरून दिले आहे. ती माझी परीक्षा आणि तीच फी.

मुंबईतील सराफाला १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक नगाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण सोन्याचा कस गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. नक्षी मात्र उघड्या डोळ्यांना दिसते. २२ कॅरेटचा ९१६ हा शिक्का सुंदर आणि भिकार अशा दोन्ही बांगड्यांवर सारखाच उमटतो. दादा, तुम्ही कारखान्याचा नाद सोडा.

वळणदार:
मी कलाशाळेत अक्षरलेखन शिकवीत असे, म्हणून भांड्यांवरील नावांचा उल्लेख वाचून थांबलो. आपल्याच परिसरात जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देवनागरी टाइपाचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, पोलादावर कोरणारे राणोजी रावजी आरू कोणत्या पदवीवर ओळखले गेले नाहीत. त्यांचे अक्षर ओळखले गेले. अंगठीच्या आतल्या वळणावर शिरोरेषा न मोडता नाव बसवणे हे त्याच जातीचे काम आहे.

तरीही ऐरण यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. केवळ हातावर वाढलेल्या कारागिरांची माझी एक तक्रार आहे: त्यांची वेल वीस वर्षे तीच असते. मामांनी दिलेली पाने-फुले गिरवीत राहिल्याने हात तयार होतो, पण नवा आकार सुचत नाही. ती उणीव चित्रकलेच्या सरावाने भरून निघते, आणि अभ्यासक्रमात खरोखर घेण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे. कलमवाले, आपण स्वतः रेखाटन करता का, की पेढीने दिलेला छाप उतरवता?

कलमवाला (काळबादेवी):
वळणदार सर, खरे सांगायचे तर नावे आणि अक्षरे माझी स्वतःची असतात, वेलबुट्टी बहुतेक मामांचीच. काटेकोर यांनी सांगितलेल्या परीक्षेची चौकशी सोमवारी करतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी रेखाटनाचा वर्ग दादर-गिरगावच्या बाजूला कुठे चालतो, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. आठनंतरचा असेल तर कामही बुडणार नाही.