लाकूड फोडणी यंत्राचा जोर तेल तापल्यावर ओसरतो. शिवाय पिकअपचे पाटे वारंवार तुटतात

वखारकर_कुडाळ

नमस्कार. कुडाळजवळ आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. अकेशिया, सुरू आणि परवानगी घेऊन तोडलेली बागायतीतली जुनी झाडे आमच्याकडे येतात. फोडलेले लाकूड काजू कारखान्यांच्या बॉयलरला, लग्नाच्या आचाऱ्यांना आणि आसपासच्या सहा गावांच्या स्मशानभूमींना जाते. शेवटच्या कामासाठी निरोप केव्हाही येतो, भर पावसात रात्री दोन वाजताही येतो, आणि तेव्हा यंत्र बंद आहे किंवा गाडी उभी आहे हे सांगण्याची सोय नसते. म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

तीन वर्षांपूर्वी एका कारागिराकडून ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे फोडणी यंत्र बनवून घेतले. सिलिंडर आतून १०० मिमी, दांडा ५० मिमी, धाव ६० सेंमी, गिअर पंप मिनिटाला साधारण ४० लिटरचा आणि तेलाची टाकी ४० लिटरची आहे. सकाळी यंत्र अकेशियाचे बेचकेसुद्धा सहज उकलते. दीड-दोन तासांनी टाकीला हात लावणे अशक्य होते आणि मग तेच यंत्र सरळ रेषेच्या ओंडक्यातही अर्ध्यात थांबते. पाचर लाकडात रुतून राहते, लिव्हर दाबून धरली तरी पुढे सरकत नाही. एका मेकॅनिकने पंप गेला असे सांगितल्यावरून नवा पंप बसवला, पण काडीचाही फरक पडला नाही. तेलाचा रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा झाला आहे.

दुसरी अडचण पिकअपची. दीड टन क्षमतेची गाडी आहे, २०२१ ची, डिझेल. वर्षभरात मागचा मुख्य पाटा दोनदा तुटला, एकदा तर फोंडाघाटात भरल्या गाडीनिशी. शिवाय इंजिनाच्या धुराच्या गाळणीचा दिवा सतत लागतो. घरच्यांचे म्हणणे आहे की ही गाडी विकून जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची एखादी साधी गाडी घ्यावी. यंत्राचा दोष कसा शोधावा आणि गाडी बदलावी की ठेवावी, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

शिरोली_हायड्रॉलिक

नमस्कार वखारकर. सिलिंडर उघडून सील बदलण्याच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत, म्हणून आधी एक गोष्ट विचारतो. पाचर थांबते तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज दबतो का? हे नीट ऐका. गिअर पंप प्रत्येक फेरीला ठरावीक तेल ढकलतो. त्या तेलाला विरोध झाला की दाब चढतो आणि इंजिनावर भार येतो. आवाज दबत असेल तर दाब तयार होत आहे आणि लाकूडच जास्त चिवट आहे. पाचर थांबूनही ट्रॅक्टर निवांत चालत असेल तर दाब तयारच होत नाही, तेल कुठूनतरी आतल्या आत पळते आहे. ती वाट पंपात असू शकते, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दाब ठरावीक हद्दीला गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या झडपेत असू शकते किंवा सिलिंडरच्या पिस्टनवरून असू शकते. पंप नवा असूनही फरक नाही, म्हणून माझा पहिला संशय पिस्टनच्या सीलवर आहे. परंतु पुन्हा अंदाजाने सुटा भाग विकत घेऊ नका.

पंप आणि लिव्हरचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये २५० बारपर्यंतचे प्रेशर गेज बसवा. यंत्र तापू द्या. मग ट्रॅक्टर बंद करून, लिव्हर दोन्हीकडे हलवून राहिलेला दाब सोडा, सिलिंडरकडे जाणारे दोन्ही होज (तेलाच्या नळ्या) व्हॉल्व्हपासून काढा आणि व्हॉल्व्हची ती तोंडे त्या दाबाला पुरतील अशा पोलादी प्लगने बंद करा. इंजिन अगदी हळू ठेवून लिव्हर क्षणभर ओढा आणि काटा वाचा. काटा १७० बारच्या आसपास जात असेल तर पंप आणि रिलीफ दोन्ही ठीक आहेत; तोच काटा सिलिंडर जोडल्यावर ८०-९० वर अडकत असेल तर दोष सिलिंडरच्या आत आहे. दोन्ही वेळा कमीच असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तिच्या बैठकीत लाकडाचा किंवा रबराचा कण अडकला आहे का ते पाहा. रिलीफचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा.

तापल्यावरच जोर का ओसरतो, हेही सांगतो. ४६ ग्रेडच्या तेलाचा ४० अंशांना जो दाटपणा असतो, त्याचा ८० अंशांना साधारण चौथा हिस्सा उरतो. सकाळी घट्ट तेल झिजलेल्या सीलच्या फटीतून जात नाही, दुपारी पातळ तेल पाण्यासारखे जाते. तुमच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी आहे. १७० बारला त्याचा रेटा साडेतेरा टनांच्या पुढे जातो, ८० बारला जेमतेम साडेसहा टन राहतो. शिवाय पाचर रुतलेली असताना लिव्हर दाबून धरलीत आणि तेल १७० बारला रिलीफवरून टाकीत परतत राहिले, तर सुमारे ११ किलोवॉट उष्णता त्या ४० लिटरमध्ये शिरते. दोन किलोवॉटचे पाच गिझर एकाच बादलीत सोडल्यासारखे हे आहे. म्हणून पाचर अडली की दोन सेकंदांच्या आत मागे घ्या आणि ओंडका फिरवून लावा.

टाकी लहान आहे. बसल्या जागी चालणाऱ्या यंत्राला मिनिटाच्या प्रवाहाच्या तिप्पट, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास टाकी आम्ही धरतो. तुम्हाला निदान ८० तरी हवी. परतीचा होजही तपासा. पाचर मागे येताना दांड्याच्या बाजूला ४० लिटर जातात, तेव्हा पलीकडून मिनिटाला ५३ लिटर बाहेर पडतात. हा हिशेब बनवणाऱ्यांकडून बऱ्याचदा राहून जातो, आणि मग परतीची अरुंद नळी उगाच तेल तापवते.

दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. ते पूर्ण काढून, टाकी पुसून, पंपाच्या चोषणीची जाळी धुऊन नवे ६८ किंवा ४६ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल भरा. टाकीच्या झाकणाला गाळणी असलेला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारे तोंड लावा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. होजला सुईएवढे छिद्र पडले तर ते बोटाने चाचपू नका. तेलाची धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून शोधावी, आणि तेल टोचल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

घाटवाट

यंत्राचे वर आलेच आहे, मी गाडीपुरते लिहितो. मी सव्वीस वर्षे मालवाहू गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या.

पाटा कुठे तुटला ते पाहिले का? मधल्या बोल्टच्या भोकाजवळ तुटला असेल तर पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट ढिले होते. नवे पाटे बसले की पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये त्यांची बैठक होते आणि बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळले नाहीत तर पाटा तिथेच वाकून वाकून चिरतो. टोकाकडे, डोळ्याजवळ (टोकाच्या गोल कडीजवळ) तुटला असेल तर वजनाकडे वळा.

वजनाचा हिशेब असा. हौदा अडीच मीटर लांब, पावणेदोन मीटरच्या आत रुंद आणि तुम्ही १.२ मीटर उंच रचत असाल, तर पाच घनमीटर रास झाली. त्यात पोकळी वजा जाता साधारण ६५ टक्के लाकूड असते, म्हणजे सव्वातीन घनमीटर. ताज्या तोडलेल्या अकेशियाचे घनमीटर जवळजवळ टनाचे असते. दीड टनाच्या गाडीवर तीन टन चढले आणि डोळ्यांना ते नेहमीचेच भरणे वाटते, कारण माल हौद्याच्या बाहेर आलेला नसतो. वाळलेल्या सुरूची तीच रास बरीच हलकी असते, त्यामुळे चालकाचाही अंदाज चुकतो. अशा गाडीचे पाटे तुटतात हे दिसते. मागच्या चाकाचे बेअरिंग, क्लच आणि ब्रेकचे ड्रम आतून झिजतात ते घाटात कळते. उतरताना चढाच्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि मग लवकर उकळते. कोकणच्या हवेत हे हटकून होते.

गाळणीच्या दिव्याचे कारण तुमच्या फेऱ्यांत आहे. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाडीतील ती गाळणी साठलेली काजळी जाळून साफ होते आणि त्यासाठी एग्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. वखार ते गाव चार-पाच किलोमीटर, मग इंजिन बंद, हे तिला मानवत नाही. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने गाडी चालवा आणि जाळण्याची क्रिया सुरू असताना इंजिन बंद करू नका. भुसा उडतो तिथे हवेची गाळणीही ठरल्या मुदतीआधी पाहावी लागते. जुनी गाडी घेतलीत तर हा दिवा जाईल, पण तीन टन तिच्यावरही घालाल. माझे मत स्पष्ट आहे, गाडी बदलू नका.

व्हरमाँटनिवासी

मी मूळचा पुण्याचा. अमेरिकेत व्हरमाँटला हिवाळ्यात आमचे घर लाकडाच्या स्टोव्हवर तापते. येथे लाकूड कॉर्डने मोजतात. एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट रास. आम्ही ती आदल्या वर्षीच फोडून रचून ठेवतो, कारण ओलावा वीस टक्क्यांच्या खाली यायला बहुतेक लाकडांना वर्षभर लागते.

येथील फोडणी यंत्रांत बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो. विरोध नसतो तेव्हा तो भरपूर तेल कमी दाबाने देऊन पाचर भरभर नेतो आणि विरोध वाढला की मोठा भाग आपोआप रिकामा फिरून लहान भाग थोडे तेल मोठ्या दाबाने देतो. त्यामुळे लहान इंजिनही पुरते. आपल्याला टाकी आणि होज बदलायचेच असतील तर हा पर्याय विचारात घ्यावा. निलगिरी, चिंच अशी पिळाची लाकडे वाळण्याआधी फोडावीत. आणि जो ओंडका धरतो त्यानेच लिव्हर चालवावी. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायची, यात येथे दरवर्षी कुणाची ना कुणाची बोटे जातात.

वखारकर_कुडाळ

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहीत आहे, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

ट्रॅक्टरचा आवाज दबत नव्हता. आजवर आम्ही पाचरीकडे पाहत राहिलो, कान दिला नाही. गेज लावले, तापल्या तेलावर, तोंडे बंद करून काटा १६५ वर गेला आणि सिलिंडर जोडल्यावर ८० च्या पुढे हलेना. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनवरच्या दोन यू-सीलपैकी एकाची ओठासारखी कडा नखाने टोकरली तर खडूसारखी तुटत होती, आणि पिस्टन मध्यावर धरणारी गाइड रिंग एका बाजूने कागदाएवढी उरली होती. सिलिंडरच्या आत नखाला लागेल अशी एक उभी रेघ होती. लेथवाल्याकडून होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून घेतले, रेघ जवळजवळ गेली. सील बसवताना ग्लँडच्या (सिलिंडरच्या तोंडावरच्या झाकणाच्या) आट्यांनी ते कापले जाऊ नये म्हणून पातळ पत्रा गुंडाळून वर तेल लावले. दोन्ही सीलचे ओठ आपापल्या दाबाच्या बाजूला आहेत हे मुलाने आणि मी दोघांनी वेगवेगळे तपासले. तेल पूर्ण बदलले. ब्रीदरच्या जागी तीन वर्षे फडके बांधलेले होते, पाणी तिथूनच जात होते. आता सलग तीन तास फोडले तरी बेचके उकलते. ८० लिटरची टाकी आणि परतीचा मोठा होज गणपतीनंतर करून घेणार आहोत.

पाटे डोळ्याजवळ तुटले होते, दोन्ही वेळा. ओल्या अकेशियाची गाडी वजनकाट्यावर नेली तर माल दोन टन नऊशे किलो भरला. त्याच दिवशी हौद्याच्या आतून दोन रेघा मारल्या, खालची लाल ओल्या लाकडासाठी आणि वरची पांढरी वाळलेल्यासाठी. फेऱ्या वाढल्या, डिझेल वाढले, तरी गाडी विकायचा विचार सोडला आहे. स्मशानासाठी लागणारे वाळलेले लाकूड आता वेगळ्या छपराखाली, पांढऱ्या रेघेच्या मापाने मोजूनच ठेवतो. परवा पहाटे नेरूरहून निरोप आला तेव्हा पाऊण तासात गाडी भरून निघाली.