फील्डनोट्स रोजच्या रोज कशा लिहायच्या?

प्रश्न: सांस्कृतिक मानवशास्त्रात एमए करतोय. प्रबंधासाठी ६ आठवड्यांचं फील्डवर्क आहे. वही काढली की लोक गप्प होतात, आणि रात्री लिहायला बसावं तर निम्मं विसरलेलं असतं. काय करावं?

उत्तर १: समोर असताना फक्त खुणेचे शब्द टिपा: कोण, कुठे बसलं, एखादा नेमका शब्दप्रयोग. पूर्ण नोंद त्याच रात्री. ती होईपर्यंत त्या दिवसाबद्दल कुणाशी बोलू नका. एकदा सांगितलं की आठवण त्या सांगण्याच्या साच्यात बसते. तासाभराच्या निरीक्षणाला लिहायचे किमान २ तास धरा. ‘आजी चिडल्या’ असं लिहू नका. ‘हातातला पेला खाली ठेवला, उत्तर न देता दाराकडे पाहिलं’ असं लिहा. चिडल्या हा तुमचा अर्थ, तो समासात. शब्द जसेच्या तसे आठवत असतील तरच अवतरणचिन्हं द्या.

उत्तर २: स्वतःचा वैताग, एकटेपणा वेगळ्या डायरीत. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनेही पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तसंच केलं होतं. आणि लोकांची ओळख लपवायला नोंदींत टोपणनावं पहिल्या दिवसापासून वापरा. खऱ्या नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये. नंतर बदलायला गेलात तर एखादं नाव हमखास राहून जातं.

उत्तर ३: मुलाखतींचं गणित आधी करा. १ तासाचं रेकॉर्डिंग ऐकून लिहून उतरवायला ४ ते ६ तास लागतात, म्हणजे १२ मुलाखतींना साधारण ६० तास. दर आठवड्याला उतरवत जा. विचारायचा राहिलेला प्रश्न उतरवतानाच सापडतो, आणि तेव्हा ती व्यक्ती समोर असायला हवी.