लॅपटॉप तापतो, पंखा बोंबलतो. हीट सिंक बदलावा का?

उंबरठा:
लॅपटॉप तीन-चार वर्षं जुना आहे, गेमिंगचा नाही, साधाच. हल्ली व्हिडिओ कॉल चालू असताना ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की पंखा जो सुटतो तो थांबतच नाही, कीबोर्डच्या वरची पट्टी हात लावायला नको इतकी तापते आणि मग सगळंच रखडायला लागतं, माउससुद्धा अडकत अडकत चालतो. टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं तर ९७ डिग्री! रिपेअरवाला म्हणतो हीट सिंक गेलाय, नवीन टाका. पण हीट सिंक म्हणजे शेवटी धातूचा तुकडाच ना, तो "जातो" कसा? आणि कूलिंग पॅड घेऊन भागेल का?

तांबट:
हीट सिंक सहसा जात नाही हो. आधी तो करतो काय ते बघा. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते, तिला चपटी नळी जोडलेली, ती हीट पाइप. ही नळी भरीव नसते, आतून पोकळ. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून सील केलेली असते आणि दाब कमी असल्याने ते पाणी १०० डिग्रीच्या बऱ्याच आधी उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला पळते, तिथं पातळ पत्र्यांची जाळी म्हणजे फिन्स असतात, पंखा त्यातून हवा ढकलतो, वाफेचं परत पाणी होतं. आणि ते पाणी नळीच्या आतल्या खरबरीत थरातून, वातीत तेल चढतं तसं, आपोआप मागं येतं. पंखा सोडला तर हलणारा भागच नाही, मग झिजणार काय? नळी दुमडली किंवा चिरली तरच बाद.

९७ ला रखडतं कारण बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० च्या आसपास असते, तिथं पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात.

आता एक करा. लोड टाका, म्हणजे प्रोसेसरला जड काम द्या, आणि तापमानाचा आकडा कसा चढतो ते बघा. एक-दोन सेकंदात ५० वरून थेट ९० च्या पुढे उडाला तर प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यात नीट संपर्क नाही, म्हणजे त्या दोघांच्या मधे लावलेली उष्णता वाहून नेणारी पेस्ट (थर्मल पेस्ट) वाळलीय. हळूहळू पाच-दहा मिनिटांत चढला तर हवा अडतेय. शिवाय हवा बाहेर पडते तिथं हात धरा. पंखा जोरात पण हवा जेमतेम, तर फिन्स तुंबलेत. हवा भरपूर पण कोमटच, तर उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाहीये.

उंबरठा:
बघितलं. हळूहळू चढतं, आणि हवा अगदी नावाला येते. पण बाहेरून टॉर्च मारून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते!

स्क्रूड्रायव्हर:
बाहेरून स्वच्छच दिसणार, कारण धूळ फिन्सच्या आतल्या तोंडाला बसते, पंखा आणि फिन्सच्या मधे. तिथं तिचा चक्क नमदा तयार होतो, करड्या रंगाचा, चिमटीत धरून सोलून काढता येईल असा. म्हणून बाहेरून फुंकर मारून काही होत नाही, उलट तो सुटून पंख्यात जातो.

बंद करा, चार्जर काढा, मागचं कव्हर उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, हे विसरू नका. पंख्याचे स्क्रू काढून पंखा बाजूला घ्या, नमदा उचला, उरलेलं मऊ ब्रशने. कॉम्प्रेस्ड एअर मारणार असाल तर पाती धरून ठेवा, मोकळी सोडली तर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिकची (घर्षणाने साठणाऱ्या विजेची) भानगड, त्याने आतले भाग बिघडू शकतात.

पेस्टला आत्ता हात लावू नका, तुमचं लक्षण तिचं नाही. पुढे कधी बदललीत तर हीट सिंकवर स्क्रूपाशी १, २, ३, ४ कोरलेलं असतं, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी घट्ट केला की पट्टी तिरकी बसते. आणि पेस्ट म्हणजे लोणी नव्हे, जाड थापू नका (लोक थापतात!). तांबं उष्णता हवेच्या जवळपास १५,००० पट चांगली वाहून नेतं, पेस्ट तांब्यापेक्षा खूपच मागं. तिचं काम फक्त बारीक खड्ड्यांतली हवा हाकलणं.

रात्रपाळी:
वरच्यांशी सहमत, फक्त कूलिंग पॅडबद्दल राहिलं. फिन्स तुंबलेले असताना पॅड म्हणजे पैसे वाया, खालून कितीही वारा घाला, बाहेर पडायला वाटच नाही. त्यापेक्षा गादीवर, उशीवर ठेवणं बंद करा, तळाची जाळी बुजते. मागची बाजू एखाद-दोन सेंटिमीटर उचलली तरी बऱ्याच मॉडेलना फरक पडतो.

सफाई होईपर्यंत तात्पुरतं हवं असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करून बघा, बऱ्याच लॅपटॉपवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळण्याचा मोड, बंद होतो. टर्बोला व्होल्टेज जास्त लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे थोडा स्पीड सोडला की तापमान भसकन उतरतं. काही नवीन मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, मग कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सायलेंट मोड लावा.

आणि कव्हर उघडाल तेव्हा बॅटरीकडेही बघून घ्या. सतत गरम राहून ती फुगली असेल, टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल, तर टोचू-दाबू नका, चार्जिंगलाही लावू नका, आधी ती बदलून घ्या.