एफएम सिंथवर बासरी प्लास्टिकची वाटते, नेमकं काय बदलावं?

सिडको_पेटीवाला
नमस्कार मंडळी. यामाहाच्या डीएक्स-७ या जुन्या सिंथच्या धर्तीचा, सहा ऑपरेटरचा (ऑपरेटर म्हणजे आवाज तयार करणारा एक घटक) नवाकोरा डिजिटल सिंथ घेतलाय. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी पार्श्वसंगीत त्यावरच करायचंय: बासरी, तानपुऱ्यासारखा भरणा आणि एका प्रवेशात ढोल-ताशा. तयार पॅचमधली (आधीच साठवलेल्या आवाजातली) बासरी पहिल्या सुराला बरी वाटते, दुसऱ्यापासून मोबाईलची रिंगटोन. रिव्हर्ब वाढवला, कोरस लावला, तर आवाज नुसता लांब गेला. सा काळी एक. कुठून सुरुवात करू?

गंगापूररोड_एफएम
आधी इफेक्ट सगळे बंद करा. कोरडा आवाज मेलेला असेल तर रिव्हर्बने तो मोठ्या खोलीत मेलेला वाटतो, एवढंच.

तयार पॅच दुरुस्त करत बसू नका. इनिट व्हॉइस (कोरा, रिकामा आवाज) घ्या, अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना कसे जोडायचे ती मांडणी) ५ लावा. त्यात दोन-दोनच्या तीन जोड्या मिळतात: १, ३, ५ हे कॅरिअर (ज्यांचा आवाज ऐकू येतो), २, ४, ६ हे त्यांचे मॉड्युलेटर (जे कॅरिअरचा पोत बदलतात).

पहिली जोडी म्हणजे बासरीचं अंग. दोघांचा रेशो (वाजवलेल्या सुराच्या किती पट वारंवारता) १.००, लेव्हल कॅरिअरची ९९, मॉड्युलेटरची ५५ ते ६०. कॅरिअरच्या एन्व्हेलपमध्ये (आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते) रेट १ म्हणजे चढण्याचा वेग ९९ असेल तर तो ६०-६५ वर आणा. फुंक ठोका मारत नाही. मॉड्युलेटरचा एन्व्हेलप वेगळा हवा: लेव्हल १ ९९, मग रेट २ साधारण ४५ ठेवून ८० पर्यंत उतरू द्या. सुराचं तोंड उजळ आणि मागचा भाग मऊ होतो.

आता मुख्य गोष्ट. व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा परिणाम) बहुतेक जण कॅरिअरला देतात. त्याने जोरात दाबलं की आवाज फक्त मोठा होतो. खऱ्या वाद्यात जोर वाढला की आवाजाचा पोतच बदलतो. म्हणून कॅरिअरला १-२ आणि मॉड्युलेटरला ४-५ द्या. वरच्या लेव्हलला एक पायरी साधारण ०.७५ डेसिबलची, म्हणजे मॉड्युलेटर ८ ने उतरवला की मॉड्युलेशन निम्मं होतं. त्यामुळे तिथे दोन-दोन पायऱ्यांनीच फिरा.

पण व्हेलॉसिटी फक्त सुराच्या तोंडाला कळते. लांब सूर जिवंत ठेवायचा तर मॉड व्हील (कीबोर्डच्या डावीकडचं चाक) ईजी बायसला (चाकाने ऑपरेटरची लेव्हल कमी-जास्त करण्याची सोय) जोडा आणि अँप मॉड सेन्सिटिव्हिटी (ऑपरेटर त्या चाकाला किती दाद देतो) ऑपरेटर १ ला १, ऑपरेटर २ ला २ ठेवा. ही सेन्सिटिव्हिटी शून्य राहिली तर व्हील कितीही फिरवा, काही होत नाही. उलट, जोडल्यावर व्हील खाली असेल तर आवाज दबलेला येईल. तो बिघाड नाही, व्हील वर करा. डावा हात कायम व्हीलवर. बासरीवाला एकच सूर सपाट धरत नाही, तुम्हीही धरू नका.

फुंकेची खरखर तिसऱ्या जोडीतून काढा: ६ चा फीडबॅक (ऑपरेटरने स्वतःलाच मॉड्युलेट करणं) ७, लेव्हल ९० च्या पुढे, रेशो ११ च्या वर. ५ ची लेव्हल ५५-६० च्या आत आणि एन्व्हेलप आखूड, म्हणजे सुराच्या सुरुवातीला फुस्स आणि मागे जेमतेम. एकटं वाजवताना ऐकू आली पाहिजे, संवादाखाली नाही.

कंपन: एलएफओ (सूर हलवणारी संथ लहर) त्रिकोणी, स्पीड ३३ च्या आसपास, डिले ४५, डेप्थ अगदी थोडी. डिले शून्य असेल तर पहिल्या क्षणापासून सूर थरथरतो, आणि रिंगटोन तिथेच होते. मींडेसाठी मोनो मोड (एका वेळी एकच सूर) आणि फिंगर्ड पोर्टामेंटो (सूर घसरवत नेण्याची सोय). दोन पट्ट्या जोडून वाजवल्या तरच सूर घसरतो, सुटा वाजवला तर सरळ लागतो.

वरच्या सप्तकात आवाज टोचला तर ईक्यूकडे जाऊ नका. मॉड्युलेटरच्या कीबोर्ड स्केलिंगमध्ये (पट्टीच्या जागेनुसार लेव्हल बदलण्याची सोय) मधल्या सा च्या उजवीकडे २०-२५ ने उतार द्या.

तानपुरा सोपा आहे: दोन जोड्या, कॅरिअर डिट्यून (सूर किंचित वर-खाली सरकवणं) +३ आणि −२. मॉड्युलेटर मात्र आघातानंतर हळू चढवा आणि त्याहून हळू उतरवा. जवारीचा (तानपुऱ्याच्या तारेच्या झणकाराचा) भास त्या चढण्यातच आहे.

पंचवटी_ताल
ढोल-ताशाचं मी सांगतो. ताणलेल्या साध्या पडद्याचे स्वरांश (मूळ सुरासोबत ऐकू येणारे वरचे सूर) मूळ सुराच्या पूर्णांक पटीत येत नाहीत: १, १.५९, २.१४, २.३० असे येतात. तबल्याची शाई हेच बदलते. तिच्यामुळे स्वरांश जवळजवळ पूर्णांकात बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. म्हणून तबला करायचा तर रेशो १, २, ३ आणि ताशा करायचा तर १.५९, २.१४. सिंथवर हे रेशो कोर्स १ फाइन ५९ आणि कोर्स २ फाइन ७ असे लावा.

ढोलाच्या धुमला पिच एन्व्हेलप (वेळेनुसार सूर वर-खाली करणारा) लागतो: लेव्हल १ ६०, रेट १ ९९, बाकी तिन्ही लेव्हल ५०, रेट २ ७५ च्या आसपास. काही जण चौथी लेव्हल ५० पेक्षा चढी ठेवून तिथून सूर पाडतात. त्यात पट्टी सोडली की शेपटीला सूर परत वर चढतो आणि ढोलाचा कार्टून होतो. आणि नाशकात ढोल म्हटल्यावर समोरचा प्रेक्षक कानाने पारखणार. एकच ढोल सुटा वाजवू नका. मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी ६-७ द्या आणि दोन वेगळे पॅच करून त्यांचे ठोके किंचित मागेपुढे टाका.

नाट्यवेडा_१५
एवढा खटाटोप कशाला? रेकॉर्ड केलेली बासरी लावा की.

गंगापूररोड_एफएम
सुटी धून असेल तर खुशाल लावा. पण नटाने विराम लांबवला की ट्रॅक थांबत नाही, हात थांबतो. ढोल मात्र खरा मिळत असेल तर खराच आणा, त्यावर वाद नाही.

सिडको_पेटीवाला
मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी ५ आणि व्हीलवर ईजी बायस केलं. फरक लगेच कळला, धन्यवाद दादा. आता नवीन अडचण: तानपुऱ्यावर बासरी ठेवली की शुद्ध ग खटकतो. डिट्यून काढून पाहिलं, तरी तेच.

गंगापूररोड_एफएम
खटकणारच. पट्टीवरचा ग सा पासून ४०० सेंटवर (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) आहे, तानपुऱ्यातून ऐकू येणारा ग ३८६ वर. १४ सेंट चढा. ध १६ ने आणि नी १२ ने चढे. मूळ डीएक्स-७ ला यावर इलाज नव्हता, तुमच्या सिंथमध्ये मायक्रोट्यूनिंग (प्रत्येक स्वर सूक्ष्म प्रमाणात सरकवण्याची सोय) असेल तर शुद्ध स्केल निवडा. मात्र मूळ स्वर काळी एक दिला पाहिजे. तो पांढरी एकवरच राहिला तर आत्तापेक्षा जास्त बेसूर होईल. सोय नसेल तर ग वर थांबू नका, म कडून मींडेने येऊन सोडा.

पंचवटी_ताल
एक राहिलं. नाट्यगृहात साउंडवाल्याने एकच लाइन घेतली तर केबल लेफ्ट-मोनोच्या जॅकमध्येच घाला. उजव्यात घातली तर अर्धा स्टिरिओ कोरस गायब. सहा मीटरच्या वर लांब केबल असेल तर मध्ये डीआय बॉक्स (लांब केबलसाठी सिग्नल बदलून देणारा छोटा डबा) घ्या, आणि गुणगुण आली तर आधी त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढायला कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका.